काकूच्या तुकड्याची ओळ

माझ्या वडिलांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा मी घालवला, असं मी म्हटलं की घरात कुणी ऐकून घेत नाही. भाऊ म्हणतो, वयाचं आहे. वहिनी म्हणते, साखरेच्या गोळ्यांचं आहे. माझा नवरा म्हणतो, तू प्रत्येक गोष्टीत स्वतःला मध्ये आणतेस. हे तिसरं थोडं खरं आहे. पण या बाबतीत मी मध्ये होतेच, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी बारामतीत एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माहेर इंदापूर रस्त्यावरचं, कालव्याखालचं गाव. वडील, म्हणजे आबा, तिथल्या पाणीवापर संस्थेचे पाटकरी होते. कालव्याला पाणी सुटलं की आमच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे येणाऱ्या पाटावर, कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, हे पाटकऱ्याच्या हातात असतं. या कामात माणसाला शिव्याच फार मिळतात. आबांना कमी मिळाल्या, कारण ते कुणाचं एक मिनिट खात नव्हते आणि कुणाला एक मिनिट जास्त देत नव्हते. कुठल्या फाट्यावरून कुठलं शेत भिजतं, कुणाची पाळी कुणानंतर, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. संस्थेकडे गट नंबरांचा एक जुना कागद होता खरा, पण तो बघून कुणी पाणी सोडलं असतं तर निम्मं गाव भांडत इंदापूरला गेलं असतं.

दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा संस्थेच्या चेअरमनना घाम फुटला. आबा महिनाभर नसले तर चारी कोण चालवणार? आणि तसंही आबा आता काम सोडणारच होते. मी तिथेच बसले होते. कुणी विचारलं नसताना मी म्हणाले, "मी करून देते. आबा सांगतील, मी फाईल करीन, यादी छापून मिळेल." लष्करच्या भाकरी भाजायची हौस मला लहानपणापासून आहे.

वर्गात मी ग्राफ म्हटलं की मुलं वरखाली जाणारी रेघ काढतात. हा तो ग्राफ नव्हे. हा म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. आमच्या चारीवर प्रत्येक दार, फाटा आणि शेत हा एक ठिपका, आणि पाणी जिथून जिथं जातं ती रेघ. असा ग्राफ साठवायचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, एका ओळीत एक रेघ. आधी पाणी निघतं त्या जागेचं नाव, थोडी जागा सोडून पोचतं त्या जागेचं नाव, मग किती वेळ ते. ना चौकटी, ना रंग. अशी फाईल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते आणि कुणालाही वाचता येते. प्रोग्राम ती वरून खाली वाचत जातो, रेघा जोडतो आणि शेवटी पाळ्यांची यादी छापतो. यात एक गोम आहे, ती मी दर वर्षी फळ्यावर लिहून देते. फाईलमध्ये नोंद रेघांची असते, ठिपक्यांची नसते. ज्या ठिपक्याला एकही रेघ नाही तो फाईलमध्ये कुठेच येत नाही. प्रोग्रामच्या लेखी तो जगातच नाही. यावर मी परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न काढते.

चार रविवार मी सकाळच्या एसटीने गावी गेले. आबा ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे, डोळे मिटायचे आणि चारीच्या पार शेवटापासून वर वर सांगत यायचे. पाणी शेवटच्या शेताला आधी द्यायचं, असा त्यांचा नेम.

"लिही. लवणातल्या पट्टीला फाटा तिसरा. दोन तास. तिच्या वर जांभळाचं, दीड तास. जांभळ आता न्हाय, पण म्हणत्यात तसंच."

मी मध्येच मागचं काहीतरी विचारून त्यांना चकवून पाहायची. एकदाही चकले नाहीत. उलट मी टाइप केलेलं वाचून दाखवताना माझ्याच दोन चुका त्यांनी पकडल्या, आणि वर म्हणाले, "मास्तरीण, ध्यान कुठं हाय?" मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला. बारामतीला परतताना मी शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं, माझ्या वडिलांच्या डोक्यात अख्खी चारी आहे म्हणून.

तिसऱ्या रविवारी काकूचा तुकडा आला. काकू आमच्या भावकीतली, आबांच्या थोरल्या चुलतभावाची बायको; सगळं गाव तिला काकूच म्हणतं. नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला गाडीरस्त्याच्या पलीकडचा वीस गुंठ्यांचा तुकडा राहिला. त्यात ती गाईपुरता लसूणघास करायची. त्या तुकड्याला पाण्याची स्वतःची वाटच नव्हती.

"आता काकूचं लिही," आबा म्हणाले. "त्याला फाटा न्हाय. वरल्या शेताची पाळी सपली की दार लगीच लावायचं न्हाय. अर्धा तास तसंच ठिवायचं. रस्त्याखालच्या नळ्यातनं पाणी पल्याड जातं."

"मग तो अर्धा तास कुणाच्या पाळीत धरू?"

"कुणाच्याच न्हाय. वरल्या शेताच्या मालकाला मीच इचारलं हुतं, त्यो व्हय म्हणला. वीस वर्सं चाललंय. लिवलेलं कुठं न्हाय."

एक मिनिट जास्त न देणारे माझे वडील वीस वर्षं कुणासाठी तरी अर्धा तास दारापाशी उभे राहत होते, हे मला त्या दिवशी कळलं. वरच्या शेताचे ते मालक वारले होते. शेत दुसऱ्याकडे वाट्याने होतं, त्याला या बोलण्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे ही गोष्ट आता फक्त आबांच्या डोक्यात होती, आणि ती मी नीट लिहून घ्यायला हवी होती.

मी ओळ लिहिली. प्रोग्रामने ती घेतली नाही. शेताला पाणी फाट्यावरूनच येणार असं मी त्याला शिकवून ठेवलं होतं. शेतातून शेताला जाणारी रेघ त्याला चूक वाटली. ते दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली असती. पण वहिनीने जेवायला दोनदा हाक मारली होती, भाकरी निवत होत्या, आणि मला तीनची एसटी गाठायची होती. मी त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं आणि पुढे लिहिलं, "काकूचा तुकडा, वरच्या शेतानंतर अर्धा तास, आबांनी सांगितलं, नंतर बघणे." ज्या ओळीच्या आधी हॅश असतो ती प्रोग्राम वाचत नाही, सोडून देतो. ती माणसांसाठी असते. आणि माणूस म्हणजे मी एकटीच होते.

नंतर मी बघितलं नाही. काकूच्या तुकड्याची दुसरी कुठलीच ओळ नव्हती.

यादी छापली, लॅमिनेट करून संस्थेच्या दारावर लावली. छोटासा कार्यक्रम झाला. मला शाल आणि श्रीफळ मिळालं. चेअरमन म्हणाले, आता आपली चारी कॉम्प्युटरवर चालणार. आबा मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते; बाकीच्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच होत्या. त्यांना यादी धड दिसत नव्हती, नाहीतर त्यांनी तिथेच पकडलं असतं. मी ती त्यांना वाचूनही दाखवली नाही. शाल अंगावर असताना कोण वाचून दाखवतं.

मग ऑपरेशन झालं. आबा काळा चष्मा लावून माझ्याकडे बारामतीत राहिले. मी कॉलेजातून आल्यावर डोळ्यांत थेंब घालायची आणि ते विचारायचे, पाणी कुठवर आलं असंल? उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला सुटलेलं उन्हाळ्याचं पाणी, तिकडे नवा पाटकरी चालवत होता. चाळिशीचा सरळ माणूस, घड्याळाचा पक्का. यादीत जे होतं ते त्याने मिनिटावर केलं.

आबांना गावी पोचवायला गेले, त्याच दिवशी संस्थेची मीटिंग होती. आबांना बोलावणं होतं, त्यांच्याबरोबर मीही गेले. थोड्या वेळाने काकू आली आणि दाराशी उभी राहिली.

"माझ्या घासाला पाणी आलं न्हाय," ती म्हणाली. "समदा करपला."

नवा पाटकरी उठून यादीपाशी गेला. बोट वरून खाली फिरवलं. "काकू, तुमचा तुकडाच न्हाय यादीत."

चेअरमननी डोकं खाजवलं. "कॉम्प्युटर आपल्या मनानं थोडंच गाळतंय. सांगितलं तेवढंच त्यात येतं. आबा, तुमी सांगितलं हुतं का पोरीला?"

मला त्याच क्षणी सगळं आठवलं. ओळ, हॅश, वहिनीची हाक, निवणाऱ्या भाकरी. आबांनी माझ्याकडे पाहिलं. नव्या डोळ्यांनी ते मला पहिल्यांदाच असं थेट पाहत होते. मी तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. त्याच खोलीत, त्याच टेबलाशी मला शाल दिली होती. मी मूग गिळून बसले.

माझ्यावरची नजर काढून आबा म्हणाले, "माझ्याच ध्यानातनं गेलं आसंल."

काकू चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "मला इसरला व्हय भावजी," एवढंच म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली.

बारामतीला पोचल्या पोचल्या मी लॅपटॉप उघडला. हॅश खोडला, माझं ते "नंतर बघणे" काढून टाकलं, प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या आणि नवी यादी चेअरमनना पाठवली. त्यात काकूचा तुकडा होता, अर्धा तास होता, सगळं ठाकठीक. उत्तरादाखल त्यांचा अंगठा आला. सुंठीवाचून खोकला गेला असं मला वाटलं. असं वाटलं याची लाज मला त्या चुकीहूनही जास्त वाटते.

खोकला गेला नव्हता. आबांचं डोकं आता पूर्वीसारखं राहिलं नाही, असं गावात झालं. पाटकरी काकूचं पाणी विसरला, ही काही लहान गोष्ट नव्हती. पुढच्या आवर्तनाला नवा पाटकरी अडला, तरी आबांना विचारायला कुणी आलं नाही, यादी बघितली. घरात आबांनी चष्मा कुठे ठेवला, टाकी भरायला लावून विसरले का, याचा हिशोब सुरू झाला. चष्मा मीही रोज हरवते, माझा कुणी हिशोब ठेवत नाही. एकदा ते बाजाराला निघाले आणि पिशवी घरीच राहिली. भावाने त्यांच्या गाडीची चावी काढून घेतली आणि देव्हाऱ्यामागे ठेवली. "रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्या असतात," तो म्हणाला. त्याचं म्हणणं काळजीचंच होतं.

आबा गप्प झाले. वाक्य बोलून झालं की ते विचारू लागले, "हे मी सांगितलं हुतं का आधी?" कॅलेंडरच्या मागे बारीक अक्षरांत काहीबाही लिहून ठेवू लागले. काकू आमच्या घरावरून जाताना मान वळवून जायची. घास नव्हता म्हणून तिने गाय पणदऱ्याला बहिणीकडे नेऊन बांधली होती.

शेवटी भावाने त्यांना बारामतीत डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टर भले होते. त्यांनी आबांना वार विचारला, तीन वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या, शंभरातून सात वजा करायला लावले. आबांनी सगळं बरोबर सांगितलं, पण प्रत्येक उत्तरानंतर माझ्याकडे बघून, बरोबर आहे ना असं बघून. डॉक्टरांनी विचारलं, "विसरायला कधीपासून लागले?" भाऊ म्हणाला, "पाण्याची यादी करताना पहिल्यांदा लक्षात आलं." मी भिंतीवरच्या डोळ्यांच्या तक्त्याकडे बघत बसले. तिथेही मी बोलले नाही. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा गप्प बसायला काही कष्ट पडत नाहीत.

बोलले त्याला आणखी दोन महिने लागले. धैर्य वगैरे काही नव्हतं. वर्गात दोन गुणांचा तो प्रश्न शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग असा ठिपका सुटला तर चूक कुणाची? फाईलची की वाचणाऱ्या प्रोग्रामची?" मी म्हणाले, "लिहिणाऱ्याची." आणि मला पुढे शिकवता येईना.

जुन्या फाईली मी टाकत नाही. त्या रविवारची प्रत होती. तिचा कागद छापला आणि गावी गेले. आबा ओट्यावर होते. शेजारी बसून सगळं सांगितलं: तुम्ही सांगितलं होतं, मी लिहिलं होतं, पण असं लिहिलं की यंत्राने वाचू नये, त्या दिवशी मीटिंगमध्ये मला माहीत होतं, आणि दवाखान्यातही माहीत होतं. कागदावर ती ओळ बोटाने दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"मला पयल्या दिशी वाटलं हुतं, सांगितलं म्हणून," ते म्हणाले. "मग तुझ्याकडं बघितलं. तू गप बसलीस. म्हणलं, पोरगी गप हाय म्हंजी मी सांगितलंच नसंल."

मी रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जो ठेवायला नको होता.

"मला सांगून काय," ते म्हणाले. "काकूला सांग."

आम्ही दोघं काकूकडे चालत गेलो. तिच्या दारात मी पुन्हा सगळं बोलले. हॅश वगैरे तिला काय कळणार, म्हणून म्हणाले, "काकू, आबांनी तुझं सांगितलं होतं. मी कामचुकारपणा केला, आणि बोल आबांवर येऊ दिला." काकू माझ्याकडे न बघता आबांकडे बघत होती.

"घासाचं काय न्हाय," ती म्हणाली. "घास पुन्ना येतो. मी आपली म्हणायची, वीस वर्सं ज्यानं ध्यानात ठिवलं, त्याच्याबी ध्यानातनं मी गेले." मग आत जाऊन तिने चहा टाकला. आबा तिच्या ओसरीवर वर्षभराने बसले होते. त्यांना चहात साखर चालत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही; तिने बिनसाखरेचाच दिला.

घरी येऊन भावाला आणि वहिनीला सांगितलं. भाऊ उठला. मग देव्हाऱ्यामागून चावी काढून त्याने आबांसमोर ठेवली. वहिनी म्हणाली, "मामा, आमचं चुकलंच." मला वाटलं, उशिरा का होईना, झालं.

आबांनी चावी उचलली नाही. ते खिशातून माझा कागद काढून पुन्हा वाचत होते. मी एसटीला निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "यक इचारू? ह्यो कागुद तवाचाच हाय?"

"म्हणजे?"

"न्हाय, तुझ्या त्या फायलीत काय बी, कवा बी लिवता येतं म्हणं. तूच म्हणली हुतीस."

मी म्हणाले, "आबा, खाली तारीख आहे, बघा." फाईल कधीची आहे ते मी छापताना खाली घातलं होतं. त्यांनी तारीख पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी लहानपणी खोटं बोलून त्यांना खूश करायला बघायची, तेव्हा ते जसे बघायचे तसं ते माझ्याकडे बघत होते.

"तारीख बी तूच घातली आसशील," ते म्हणाले. "आसू दे. म्हाताऱ्यासाठी येवढं केलंस, लय झालं."